पेन्सिलीनं घेतलेला वन्स मोअर

मोबाइलवर जुन्या नाटकाचं चित्रीकरण बघताना डोळे पाणावले, की जवळचं कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, रेकॉर्डिंग आहे ते!" परभणीत वाढलेल्या मला हे कधीच पटलं नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना नाटक आणि गाणं पहिल्यांदा भेटलं ते रेकॉर्डिंगमधूनच.

1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. रंगभूमीवर वन्स मोअर घेत लांबत जाणारं नाट्यपद तेवढ्यात बसवायचं, म्हणजे ताना मोजूनच घ्याव्या लागत. बालगंधर्वांना समोर बसून ऐकलेल्या पुणे-मुंबईच्या रसिकांना ते तोकडं वाटत असेल. इकडं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचं राज्य. नाटक कंपन्यांचा मुक्काम क्वचित पडायचा. आमच्या आजोबांच्या लेखी तबकडीत होतं तेवढंच पद, आणि ते पूर्ण होतं.

बालगंधर्वांचंच पुढचं उदाहरण फार बोलकं आहे. 1935 साली 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी पैठणच्या एकनाथांची भूमिका केली. आमच्या पैठणचे नाथ, आणि साक्षात गंधर्वांचा गळा! तरीही स्त्रीभूमिकांवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांना ते पुरुषवेशात रुचले नाहीत. मग 1937 साली 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेशात आले. रंगभूमीवरचं नाटकच त्यात कॅमेऱ्यापुढं उभं केलं होतं. तोही चित्रपट पडला. मला वाटतं, दिव्यांच्या उजेडात आणि दुरून जो भास खरा वाटायचा, तो कॅमेरा जवळ गेल्यावर टिकला नसावा. नाटकाच्या चित्रीकरणाबद्दल आपण आजही जी तक्रार करतो, तिची सुरुवात मला इथं दिसते.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण आमच्या भागात ते दिसायला बराच काळ जावा लागला. त्याआधी आली कॅसेट, आणि खरी क्रांती तिनंच केली. साठ मिनिटांची कॅसेट असली की तीस मिनिटांनी बाजू बदलायची. मध्येच फीत गुंतली, की चाकाच्या भोकात पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळायची. आवडलेला प्रसंग परत ऐकायचा आणि सेल वाचवायचे, तर मागंसुद्धा पेन्सिलीनंच फिरवायचं. तोच आमचा वन्स मोअर!

प्रा. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. त्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आमच्या घरी असंच कॅसेटवर आलं. बावन्न पात्रं, एकच माणूस. आजीला हे आधी सांगितलं नव्हतं. ती ऐकता ऐकता म्हणाली, "येवढी सगळी माणसं त्या डब्यापुढं बसली तरी कशी रे?" पुढं सीडीवर तोच प्रयोग दिसला, तेव्हा पडद्यावर एकच माणूस पाहून ती गप्प झाली. मग म्हणाली, "कानानं दिसलेलीच बरी होती." रेकॉर्डिंगबद्दल इतकं नेमकं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

या सगळ्याच्या शेजारून आणखी एक काम चाललं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या, बाबासाहेब आंबेडकरांवर मनोभावे गायलेल्या. 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आता या संग्रहातल्या ओव्या ऐकायला आणि बघायला मिळतात. ज्या ओवीला समोर बसलेला श्रोता कधी नव्हताच, तिला तो इतक्या वर्षांनी मिळाला.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यातलीच एक चित्रफीत लावली. आई भाकरी थापत होती. पडद्यावरच्या बाईनं पहिली ओळ म्हटली, तसा आईचा हात परातीतच थांबला, आणि दुसरी ओळ तिनंच म्हटली. चित्रफितीत ती वेगळी होती. "आमच्याकडं अशी म्हणत्यात," आई म्हणाली आणि पुढच्या दोन ओव्या तव्यावरची भाकरी करपेपर्यंत म्हणत राहिली.