सॅच्युरेशन ९८ आहे, मग श्वास ठीक आहे ना?

ऑपरेशननंतर पेशंटला ठेवतात त्या रिकव्हरी रूममध्ये हा प्रश्न नेहमी निघतो. तेवढ्या आकड्यावरून सांगता येत नाही. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनवर किती टक्के ऑक्सिजन चढलाय, म्हणजे सॅच्युरेशन, ते दाखवतो; पेशंट किती हवा आत-बाहेर करतोय, हे त्याला कळत नाही. ते काम कॅप्नोग्राफचं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून तो प्रत्येक श्वासाचा आलेख काढतो.

घोळ होतो तो नाकातोंडाला लावलेल्या ऑक्सिजनमुळे. समजा, मॉर्फिन या वेदनाशामकाच्या अमलाखाली श्वास मंदावून धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ४० मिमीवरून ८० वर गेला. साध्या हवेवर वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब जेमतेम ५० मिमी उरतो, सॅच्युरेशन पंच्याऐंशीच्या आसपास किंवा खाली येतं आणि अलार्म वाजतो. त्याच पेशंटला ३० टक्के ऑक्सिजन मिळत असेल, तर हा दाब ११० च्या वर राहतो. स्क्रीनवर ९७-९८ तसंच, आणि पेशंट गुंगीत आणखी खोल.

कॅप्नोग्राफवर हाच पेशंट लगेच ओळखू येतो: लाटा विरळ होतात, बऱ्याचदा उंचही. जीभ मागे पडून श्वासाची वाट बंद झाली, तर छाती हलत असूनही रेघ सपाट होते. मॉनिटरवरचा श्वासाचा दर ईसीजीच्या लीडमधून येत असेल, तर तो छातीची हालचाल मोजतो. वाट बंद असतानाही तो बिनदिक्कत मिनिटाला १६ दाखवू शकतो. अशा वेळी आधी जबडा पुढे उचला, मॉनिटरची बटणं नंतर.

कॅप्नोग्राफही डोळे झाकून मानू नये. तोंडाने श्वास चालू असेल, ऑक्सिजनचा फ्लो जास्त असेल किंवा नळीत पाणी अडकलं असेल, तर आकडा खोटा कमी येतो. श्वास फार उथळ असला तरीही २०-२५ दिसू शकतं, आणि आत दाब चढत असतो. म्हणून आकड्यापेक्षा लाटांचा आकार आणि दर पाहा. शंका राहिली तर एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी.

श्वासाचा दर मिनिटाला ८ च्या खाली आणि पेशंट हाकेला ओ देत नसेल, तर भूलतज्ज्ञांना बोलवा, वाट मोकळी ठेवा, गरज पडल्यास बॅग-मास्कने श्वास द्या. मॉर्फिनचा असर उलटवणारं नॅलोक्सोन द्यायचं ठरलंच, तर ०.४ मिग्रॅचा अँप्यूल १० मिलीपर्यंत पातळ करून शिरेतून एकेक मिली, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, दर दोन-तीन मिनिटांनी. सगळा एकदम दिला तर वेदना उसळतात, बीपी चढतं. नॅलोक्सोनचा असर ३० ते ६० मिनिटांत ओसरतो, मॉर्फिनचा मात्र टिकतो. त्यामुळे पेशंट बोलायला लागला म्हणून लगेच वॉर्डात पाठवू नका.