देवाला कंटाळा आणावा लागतो का?

‘चिकाटीने मागत राहा, देव शेवटी कंटाळून देतोच.’ उपास-प्रार्थनेच्या बैठकीत हे हमखास ऐकू येतं आणि आधाराला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातली, येशूने सांगितलेल्या दाखल्यातली (बोधकथेतली) विधवा उभी केली जाते. गोष्ट खरी, अर्थ मात्र उलटा लावलेला.

त्या गावचा न्यायाधीश ना देवाला भिणारा, ना माणसाला जुमानणारा. विधवा रोज येऊन न्याय मागते. शेवटी तो वैतागतो. त्याच्या तोंडी जे मूळ ग्रीक क्रियापद आहे, त्याचा शब्दशः अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणं! मुष्टियोद्ध्यांच्या भाषेतला शब्द. बाईचं येणंजाणं त्याला ठोशांसारखं लागलं होतं. (ऐकणारे इथे हसले असणार, असं मला नेहमी वाटतं.)

पण येशू देवाला या न्यायाधीशाच्या रांगेत बसवत नाही. असा नालायक माणूससुद्धा न्याय देतो, मग देव आपल्या निवडलेल्यांना देणार नाही का, असा तो सवाल आहे. दाखला कशासाठी, तेही पहिल्याच ओवीत आहे: सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये. खचण्याचा धोका मागणाऱ्याला आहे. ऐकणाऱ्याला थकवायचं नाहीच.

शिवाय मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात तोच येशू बडबड करू नका, मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे, असं बजावतो. आणि येशूचा प्रेषित पौल? ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, निघावा म्हणून त्याने तीनदा विनवलं. काटा राहिला. प्रभूकडून उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ पौलाचा विश्वास कमी पडला, असं कोणी म्हणेल का?