ड जीवनसत्त्व, आतड्यातले जंतू आणि कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी

लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये उंदरांच्या शरीरात कॅन्सरच्या पेशी टोचल्या, तेव्हा काही उंदरांच्या गाठी इतरांपेक्षा बऱ्याच हळू वाढल्या. या उंदरांच्या शरीरात जीसी नावाचं प्रथिन बनतच नव्हतं. रक्तातल्या ड जीवनसत्त्वाला हे प्रथिन धरून ठेवतं, पेशींकडे सहज जाऊ देत नाही. ते नसलं की रक्तात ड कमी भरतं, पण पेशींच्या वाट्याला जास्त येतं. मग साध्या उंदरांना ड भरपूर असलेला आहार देऊन पाहिला. त्यांचाही गाठीला होणारा विरोध वाढला, आणि इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध जोर देणाऱ्या उपचाराचा, गुणही जास्त आला. कायतानो रेइस ए सौझा यांच्या गटाचं हे काम एप्रिल २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं.

कॅन्सरची पेशी ओळखून तिला मारायचं काम मुख्यतः टी पेशींचं. या पेशींना ड लागतं, हे आधीपासून माहीत होतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं होतं, की ड मिळालं नाही तर नव्या टी पेशी नीट जाग्याच होत नाहीत. तेव्हा इथेही ड थेट टी पेशींनाच बळ देत असणार, असं कुणालाही वाटलं असतं.

पण धागा निघाला आतड्यात. पेशीवर ड चा परिणाम व्हायचा, तर तिच्यात त्याचा ग्राही म्हणजे रिसेप्टर असावा लागतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधून तो काढून टाकला आणि उंदरांचं संरक्षण गेलं. कॅन्सरला दाद न देणाऱ्या उंदरांची विष्ठा साध्या उंदरांच्या पोटात पोचवली, तर तेही तसेच चिवट झाले. म्हणजे ही ताकद जंतूंबरोबर एका उंदरातून दुसऱ्यात जात होती! शोध घेतल्यावर एक जंतू पुढे आला, बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस. ड मुळे आतड्याचं अस्तर बदलतं, तिथे हा जंतू वाढतो आणि कॅन्सरविरुद्धची प्रतिकारशक्ती जोर धरते. नुसता हा जंतू दिला तरी फायदा होतो, पण आहारात ड नसेल तर होत नाही. मला हा सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. जंतू गाठीवर नेमका कसा परिणाम करतो, ते मात्र अजून उलगडलेलं नाही.

माणसांचं काय? याच अभ्यासात डेन्मार्कमधल्या सुमारे १५ लाख लोकांच्या नोंदी पाहिल्या. ड कमी असलेल्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळलं. पण आजारी माणूस उन्हात कमी जातो, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा नोंदींवरून ठरत नाही. त्यासाठी चाचणी लागते. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट ड दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पाचेक वर्षांनी पाहिलं, तर कॅन्सर होण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. कॅन्सर शरीरात पसरण्याचं किंवा त्याने मृत्यू होण्याचं प्रमाण मात्र, पुढे केलेल्या विश्लेषणात, ड घेणाऱ्यांत सुमारे १७ टक्क्यांनी कमी निघालं. वजन प्रमाणात असलेल्यांना हा फायदा जास्त झाला. आशा वाटावी असं हे आहे, पण यावरून ड ला कॅन्सरचं औषध म्हणता येणार नाही.

आपल्याकडे हे स्पष्ट सांगायलाच हवं, कारण ६०,००० युनिटचं पाकीट दुधात घालून आठवड्यातून एकदा घ्यायची सवय घरोघरी आहे. डॉक्टर ते बहुधा ठरावीक आठवड्यांसाठी लिहून देतात, आणि आपण महिनोन्‌महिने चालू ठेवतो. जास्तीचं ड चरबीत साठून राहतं. ते फार वाढलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ होते, सारखी तहान लागते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. केमोथेरपी किंवा इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला मळमळ झाली, तर ती उपचारांमुळेच असं समजून खरं कारण नजरेआड होऊ शकतं. म्हणून घरात कुणावर कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर रक्तातलं ड तपासून घ्या, आणि पाकीट चालू असेल तर ते कॅन्सरतज्ज्ञांच्या कानावर घाला.