किनेक्ट बंद झाला तेव्हा रिहॅबचं काय अडलं

रिहॅबमध्ये, म्हणजे आजारानंतर किंवा इजेनंतर हालचाल परत आणायच्या उपचारात, व्यायाम करून घ्यायला गेमचा वापर किनेक्टच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या, आधीपासूनच होत होता, 2003 चा आयटॉय हा गेमचा कॅमेरा आणि 2006 चा वी हा गेम कन्सोल, दोन्ही फिजिओ लोकांनी वापरून बघितले होते. पण वीचा रिमोट हातात धरावा लागतो आणि स्ट्रोकनंतर ज्याची मूठच वळत नाही त्याला तो काय कामाचा. नोव्हेंबर 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या गेम कन्सोलसाठी किनेक्ट आला, 150 डॉलरला, अंगाला काहीही न चिकटवता 20 सांधे सेकंदाला 30 वेळा टिपणारा. अंगावर मार्कर (खुणेचे ठिपके) लावून हालचाल मोजणाऱ्या लॅबपुढे ही किंमत काहीच नव्हती. थोड्याच दिवसांत हौशी लोकांनी तो कॉम्प्युटरला जोडायचा ओपन ड्रायव्हर बनवला, 2011 च्या जूनमध्ये कंपनीनेच एसडीके, म्हणजे त्यासाठी प्रोग्रॅम लिहायची साधनं, दिला आणि मग रिहॅबवाल्यांनी धडाधड गेम लिहायला घेतले.

अडचणी होत्याच. किनेक्टला सवय समोर उभं राहून खेळणाऱ्या माणसाची, त्यामुळे व्हीलचेअर, वॉकर किंवा आधाराला चिकटून उभी असलेली फिजिओ फ्रेममध्ये आली की सांधे भलतीकडेच उड्या मारायचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेशंट हात वर न्यायच्या ऐवजी खांदा उचकवून, कंबरेतून वाकून स्क्रीनवरच्या फुग्यापर्यंत पोचतो आणि गेम त्याला पॉइंट देतो, म्हणजे जी सवय मोडायची तीच पक्की होणार! हे पकडायला धड किती झुकलं त्याचा वेगळा हिशोब प्रोग्रॅममध्ये घालावा लागला आणि चांगल्या टीम्सनी तो घातलाही.

2013 चा दुसरा किनेक्ट जास्त चांगला होता, 25 सांधे, डेप्थ, म्हणजे खोली (कॅमेऱ्यापासूनचं अंतर), मोजायची पद्धतच वेगळी. पण त्याला विंडोज 8 आणि यूएसबी 3 लागायचं, आणि जुना सॉफ्टवेअर जसाच्या तसा त्यावर चालत नव्हता.

ऑक्टोबर 2017 ला उत्पादन बंद केल्याचं जाहीर झालं. कंपनीची बाजू सरळ होती, गेमिंगमध्ये मागणी उरली नव्हती, 2014 पासूनच तो कन्सोलसोबत घ्यायची सक्ती काढली होती आणि मागणी नसताना कोण किती दिवस बनवणार. हे कळतं, पण रिहॅबच्या बाजूने बघितलं तर हा निर्णय फार महागात पडला असं माझं स्पष्ट मत आहे. कारण नवीन कॅमेरा म्हणजे नुसतं हार्डवेअर बदलणं नाही, प्रत्येक मॉडेल खांदा, कंबर, घोटा थोड्या वेगळ्या जागी धरतं, त्यामुळे जुन्यावर तपासलेले कोन नव्यावर परत पहिल्यापासून तपासावे लागतात. पेशंटचा सहा महिन्यांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा वेगळ्या कॅमेऱ्याचा असेल तर फरक पेशंटमध्ये पडला की मशीनमध्ये, हे सांगणार कोण? 2019 ला जाहीर झालेल्या अझ्यूर किनेक्टमध्ये 32 सांधे आले पण किंमत 399 डॉलर आणि वर चांगलं ग्राफिक्स कार्ड पाहिजे, म्हणजे स्वस्त हा मुद्दाच गेला. 2023 ला तोही बंद.

आता साध्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर 33 पॉइंट मिळतात. पण त्यात खोली मोजलेली नसते, अंदाजाने काढलेली असते, आणि समोरून बघताना पुढे झुकणं नेमकं खोलीतच दिसतं. म्हणून तो फुग्याचा व्यायाम घरी द्यायचा असेल तर फोन बाजूला ठेवून धडाचा कोन एकदा तरी बघून घेतलेला बरा.