पार्श्वभूमी : रामापिथेकस अजून वर्गात का आहे?

मानवी उत्क्रांती वर्गात कृतीतून शिकवायची म्हटली की शिक्षकांच्या हाताला पहिल्यांदा एकच गोष्ट लागते. पाच-सहा चित्रं कापायची, गटांना वाटायची आणि म्हणायचं, "आता क्रमाने लावा." डावीकडे वाकलेला एप (चिंपांझी, गोरिलासारखा बिनशेपटीचा वानर), उजवीकडे भाला घेतलेला ताठ माणूस. पाच मिनिटांत सगळ्या गटांचं उत्तर बरोबर येतं. अडचण आहे ती नेमकी त्या बरोबर येण्यातच.

या रांगेचं मूळ चित्र 1965 सालचं. अमेरिकेतल्या एका लोकप्रिय पुस्तकमालेत ते घडीच्या पानावर छापलं गेलं. पान पूर्ण उलगडलं की 15 आकृत्या, घडी घातली की सहा. यातले काही प्राणी प्रत्यक्षात चार पायांवर चालत, तुलना सोपी जावी म्हणून सगळे उभे दाखवलेत, असा खुलासाही तिथेच होता. खुलासा पुस्तकात राहिला आणि रांग जगभर गेली: तक्त्यांवर, टी-शर्टांवर, जाहिरातींत, आपल्या गाईडांतही.

त्या रांगेत पाचव्या जागी रामापिथेकस होता. आपल्याकडच्या सगळ्या घोळाची किल्ली या एका नावात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला शिवालिकच्या टेकड्यांत, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगर इथे, एका तरुण अमेरिकी संशोधकाला वरच्या जबड्याचा तुकडा सापडला. 1934 मध्ये त्याला रामापिथेकस हे नाव मिळालं. शिवालिकच्या एपांना तेव्हा अशीच नावं मिळत होती. सिवापिथेकस आधीपासून होताच, सुग्रीवपिथेकसही झाला. 'पिथेकस' म्हणजे ग्रीक भाषेत एप. पुढची जवळजवळ तीस वर्षं या तुकड्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1960 च्या दशकात मात्र तो एकदम आपला पूर्वज ठरला. दात लहान, जबड्याची कमान माणसासारखी गोलसर, वय सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षं, असं सांगितलं गेलं. केनियात सापडलेले तशाच धाटणीचे अवशेषही याच नावाखाली घेतले गेले. गंमत अशी, की तुकड्यात टाळूची मध्यरेषाच नव्हती. कमान गोल की लांबट हे हाडावर दिसत नव्हतं, ते पाहणाऱ्याने पूर्ण केलं होतं.

1967 मध्ये रक्तातल्या प्रथिनांची तुलना झाली आणि माणूस व आफ्रिकी एप वेगळे होऊन जेमतेम 50 लाख वर्षं झालीत असा हिशेब निघाला. म्हणजे त्याच्या कितीतरी आधीचा रामापिथेकस एकट्या माणसाचा पूर्वज असणं शक्य नव्हतं. हाडंवाल्यांनी तो बरीच वर्षं मानला नाही. शेवटी पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर अधिक अखंड जबडे मिळाले, चेहऱ्याचा मोठा भाग मिळाला, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला निकाल लागला. हा चेहरा ओरांगउटानच्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या एपाच्या, वळणाचा होता. रामापिथेकस हा वेगळा प्राणी नसून सिवापिथेकसच, असं आता मानतात. ज्यांनी त्याला हिरिरीने पूर्वज ठरवलं होतं, त्यांच्यातल्या एकाने पुढे उघडपणे माघार घेतली.

ही बातमी आपल्या वर्गापर्यंत पोचलीच नाही. 2018 मध्ये राज्याचं दहावीचं विज्ञानाचं नवं पुस्तक आलं. दुसऱ्या भागाचा पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. त्यात मानवसदृश प्राण्याची पहिली नोंद म्हणून पूर्व आफ्रिकेतला रामापिथेकस उभा आहे. म्हणजे शिवालिकचं नाव, केनियाचा पत्ता आणि 1960 च्या दशकातला दर्जा.

त्याच 2018 च्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी उत्क्रांतीचा सिद्धांतच चूक असल्याचं जाहीर केलं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रज्ञांनी निषेध केला, पण मंत्र्यांच्या तोंडचं वाक्य रांगेच्या चित्रातूनच आलेलं होतं हे फारसं कुणी बोललं नाही. रांग खरी मानली तर प्रश्न अगदी रास्त वाटतो. पुढे केंद्रीय अभ्यासक्रमात करोनाकाळातला ताण कमी करण्याच्या कारणाने कात्री चालली आणि 2023-24 च्या दहावीच्या छापील पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती'चं नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. 1800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात पाठ आहे, असं उत्तर आलं. अकरावीला जीवशास्त्र न घेणाऱ्यांचं काय, या प्रश्नाला नीट उत्तर आलं नाही. राज्याच्या पुस्तकात पाठ टिकला, ही जमेची बाजू मोठीच आहे. पण टिकलेल्या पाठात काय आहे, हे तपासायची घाई त्यामुळे कुणाला राहिली नाही.

कृतीतून मानवशास्त्र शिकवण्याचा मोठा प्रयोग याआधी अमेरिकेत झाला होता. सामन मासा, कुरव पक्षी, बबून आणि कॅनडाच्या उत्तरेकडचे नेत्सिलिक लोक यांच्या आधारे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना 'माणूस' समजावून घ्यायला लावायचं. त्यात चित्रफिती होत्या, शिकारीचे खेळ होते. 1975 मध्ये तिथल्या संसदेत गदारोळ झाला आणि सरकारी पैसा आटला. मात्र पोरांनी हाताने मोजायचं, ताडायचं, ही पद्धत टिकली.

त्या पद्धतीतल्या काही कृती आपल्याकडे सहज होतात. अंगठा चिकटपट्टीने तळव्याला बांधून शर्टाचं बटण लावायला सांगा. पृथ्वीचं वय म्हणून 46 मीटर दोरी मैदानात पसरली तर एक सेंटिमीटर म्हणजे 10 लाख वर्षं, आणि आपण सगळे शेवटच्या तीन मिलिमीटरांत. कवटीच्या प्लास्टरच्या प्रती मिळाल्या तर आत मोहरी भरून ती मोजपात्रात ओतता येते. चिंपांझी 400 घन सेंटिमीटरच्या आसपास, आपण 1350 च्या, निअँडरथल हा नामशेष झालेला आपला जवळचा नातलग मात्र बरेचदा 1500. मग हा आपल्या पुढे लावायचा का, असा प्रश्न कुठल्यातरी गटातून येतोच, आणि रांग तिथेच मोडते.

माझ्या मते सगळ्यात चांगली कृती मात्र रामापिथेकसच देतो आणि तिला खर्च शून्य. कागदावर जबड्याची एकच बाजू काढून द्यायची, मधला भाग कोरा, आणि उरलेली कमान पूर्ण करायला सांगायची. अर्ध्या गटांना आधी माणसाचा जबडा दाखवलेला असावा, अर्ध्यांना ओरांगउटानचा. कागद फळ्यावर शेजारी शेजारी लावले की पहिल्यांच्या कमानी गोल दिसतात, दुसऱ्यांच्या लांबट. दिलेला तुकडा दोघांना एकच होता. मग चित्रांची कार्डं पुन्हा वाटायची, पण फळ्यावर रांगेऐवजी फांद्या काढून. रामापिथेकसचं कार्ड ओरांगउटानच्या फांदीवर जातं. पुस्तक उघडलं की ते पुन्हा रांगेत.