काळ्या पाषाणात उतरलेलं क्रोमियम

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत बनणाऱ्या कित्येक सुट्या भागांवर क्रोम किंवा निकेलचं प्लेटिंग होतं. प्लेटिंगची टाकी गळली किंवा सांडपाणी प्रक्रियेविनाच नाल्यात सोडलं, तर हेक्साव्हॅलेंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, जमिनीत उतरतं. क्रोमियमचं दुसरं रूप, ट्रायव्हॅलेंट, मातीच्या कणांना धरून बसतं. हेक्साव्हॅलेंट मात्र विरघळून पाण्याबरोबर चालू लागतं.

आणि नाशिकची जमीन त्याला अडवत नाही. वरचा मुरूम संपला की खाली काळा पाषाण, बसाल्ट. त्यातलं पाणी मुख्यतः भेगांमधून वाहतं. भेग कुठून कुठे गेली आहे, ते वरून दिसत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरचा रिपोर्ट चांगला आला म्हणून आपलंही पाणी चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. बोअरला केसिंग (भोकाच्या वरच्या भागात बसवलेला पाईप) नीट नसेल, तर वरचं दूषित पाणी त्याच भोकातून खालच्या झऱ्यालाही मिळतं.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पाण्याला पिवळी झाक यायला त्याच्या कितीतरी पट क्रोमियम लागतं, म्हणजे डोळ्यांवर भरवसा ठेवून उपयोग नाही. श्वासावाटे गेलेल्या हेक्साव्हॅलेंट क्रोमियममुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पहिला धोका प्लेटिंगच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या कामगाराला. पोटात गेलेल्याचं बरंचसं जठरातल्या आम्लामुळे निरुपद्रवी होतं, पण सगळं नाही. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं पाणी प्यायलेल्या उंदरांना लहान आतड्यात गाठी झाल्या.

महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी शहराच्या वरच्या अंगाचं, त्याची ही चिंता नाही. प्रश्न आहे तो वसाहतींलगतच्या मळ्यांतल्या, सोसायट्यांतल्या बोअरचा. पाणी उकळून क्रोमियम जात नाही, उलट आटल्यामुळे थोडं वाढतंच. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगणाऱ्या टीडीएस मीटरलाही ते वेगळं ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत क्रोमियम, निकेल, कॅडमियम, शिसं अशी नावं सांगूनच तपासणी मागावी लागते, आणि ती उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा करावी. रिपोर्ट वाईट आला तर ते पाणी पिणं-स्वयंपाकाला लगेच बंद करावं.

कारखान्यातच सांडपाण्यातून क्रोमियम काढणं किती सोपं आहे! सांडपाण्यात आम्ल आणि सोडियम बायसल्फाइट घातलं की हेक्साव्हॅलेंटचं ट्रायव्हॅलेंट होतं, मग चुना घालून ते गाळाच्या रूपात खाली बसवता येतं. कातळाच्या भेगांत शिरलेलं क्रोमियम काढायला मात्र वर्षानुवर्षं लागतात.