तलावाकाठचे घर आणि त्याचे सांडपाणी

लोहगड, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या पवना जलाशयाच्या काठी सुट्टीपुरती राहण्याची घरे आणि तंबूंच्या वसाहती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या आहेत. याच धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेत येथे उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. त्यामुळे काठावरच्या शौचालयाचे पाणी कोठे मुरते, हा एकट्या घरमालकाचा प्रश्न राहत नाही.

सेप्टिक टँक बांधली की मैल्याचे शुद्धीकरण झाले, हा समज खोलवर रुजलेला आहे आणि तो दूर व्हायलाच हवा. टाकीत सांडपाणी साधारण एक-दोन दिवस थांबते. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि प्राणवायूविना जगणारे जीवाणू गाळाचा काही अंश कुजवतात. मधल्या थरातून बाहेर पडणारे करड्या रंगाचे पाणी मात्र रोगजंतूंनी भरलेलेच असते आणि त्यातले बहुतेक नायट्रोजन व फॉस्फरस तसेच राहिलेले असतात. खरे काम पुढे, शोषखड्ड्याभोवतीच्या मातीत होते. तेथे जंतू अडतात आणि मरतात, हवा खेळती असेल तर अमोनियाचे नायट्रेट बनते आणि मातीतली लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे फॉस्फेट धरून ठेवतात.

मावळात डोंगरउतारावर ही माती अनेकदा हात-दोन हातच असते. खाली मुरूम आणि भेगाळलेला कातळ लागतो, आणि भेगेत शिरलेले पाणी फारसे न गाळताच उताराने जलाशयाकडे निघते. पावसाळ्यात भूजल वर आले की शोषखड्डाच बुडतो आणि मातीतली हवा संपते. शिवाय धरणाचा काठ वर्षभर एका जागी राहत नाही. मे महिन्यात पाण्यापासून पुरेशी दूर वाटलेली जागा पावसाळ्याअखेरीस पाण्याला लागून येऊ शकते. म्हणून अंतर मोजायचे ते धरण पूर्ण भरल्यावर पाणी जेथवर चढते त्या रेषेपासून.

फॉस्फरसची एवढी चिंता का, याचे उत्तर कॅनडातल्या एका तळ्याने दिले. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑन्टारियोतील ‘लेक २२६’ मध्ये पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन मिसळले, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. आणि शैवालाने हिरवागार झाला तो हा दुसराच भाग.

पर्याय निवडताना घराचा वापर कसा होणार, हेही पाहावे लागते. विजेवर हवा पुरवणारे छोटे शुद्धीकरण संयंत्र कागदावर उत्तम दिसते, पण त्यातले जीवाणू आठवडाभर उपाशी राहतात आणि शनिवारी त्यांच्यावर एकदम वीस पाहुण्यांचा भार येतो. पूर्ण बंदिस्त टाकी भरवशाची असते, मात्र उपसलेला मैला टँकर शुद्धीकरण केंद्रातच नेतो याची खात्री हवी. तो ओढ्यात रिता झाला तर सगळेच व्यर्थ.

माझा कल मूत्र वेगळे करणाऱ्या कोरड्या शौचालयाकडे आहे. आपल्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनपैकी सुमारे ८० टक्के आणि फॉस्फरसचा निम्म्याहून अधिक भाग मूत्रात असतो, आणि ते माणशी दिवसाला जेमतेम दीड लिटर भरते. ते साठवून जलाशयापासून दूरच्या शेतात खत म्हणून घालता येते, तर राख टाकलेला मैला बंद कप्प्यात वर्षभर कोरडा ठेवता येतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीचे पाणी तळाला अस्तर असलेल्या, खडी-वाळूच्या आणि कर्दळ लावलेल्या वाफ्यातून सोडावे. फ्लशचे शौचालयच हवे असेल, तर टाकीतले पाणी जमिनीच्या पातळीवर रचलेल्या वाळूच्या उंचवट्यात मुरवावे. त्यासाठी जागा ठरवण्याआधी भर ऑगस्टमध्ये तेथे मीटर-दीड मीटरचा चाचणीखड्डा घेऊन रात्रभर उघडा ठेवावा, त्यावर आडोसा करून पावसाचे पाणी येऊ देऊ नये, आणि सकाळी त्यात किती पाणी उभे राहिले आहे ते पाहूनच उंचवट्याची उंची ठरवावी.